विकिरण केंद्राची सुरक्षा तपासणी : माल पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) परिसरात अनेक घरांत शेती आणि चांदीचा व्यवसाय सोबत चालतो. चांदीची शुद्धता तपासणारे क्ष-किरण यंत्र इथल्या लोकांना नवे नाही. मात्र कांदा, आंबा, हळद यांवर प्रक्रिया करणारी विकिरण केंद्रेही किरणोत्साराचाच वापर करतात आणि त्यांच्यावर त्याच यंत्रणेची देखरेख असते, याची माहिती कमी शेतकऱ्यांना असते. ही देखरेख कशी चालते आणि शेतकऱ्याने केंद्राकडे काय विचारावे, याची माहिती येथे दिली आहे.

दोन यंत्रांतील फरक

शुद्धता तपासणाऱ्या यंत्रात क्ष-किरण नळी असते. वीज बंद केली की किरण थांबतात. विकिरण केंद्रातील कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी धातू मात्र सतत गॅमा किरण सोडतो. त्याला बंद करण्याचे बटण नसते. त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे 5.27 वर्षे लागतात. त्यामुळे वापर नसताना तो सुमारे 6 मीटर खोल पाण्याच्या हौदात ठेवतात आणि प्रक्रियेच्या वेळी जाड काँक्रीट भिंतींच्या खोलीत वर उचलतात. धोका जितका मोठा, तितकी परवान्याची पद्धत आणि तपासणी कडक, हे नियमनाचे मूळ तत्त्व आहे.

कोण तपासते?

अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी) ही संस्था 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. अणुऊर्जा कायदा, 1962 आणि किरणोत्सार संरक्षण नियम, 2004 यांच्या चौकटीत देशातील रुग्णालये, उद्योग, प्रयोगशाळा व विकिरण केंद्रे यांच्या परवान्याची व तपासणीची ही व्यवस्था उभी राहिली. अन्नपदार्थांच्या विकिरणासाठी 2012 चे स्वतंत्र नियम आले.

गॅमा विकिरण केंद्राला जागा निवड, बांधकाम, कार्यान्वयन आणि प्रत्यक्ष वापर अशा प्रत्येक टप्प्यावर संमती घ्यावी लागते. परवाने, स्रोतांची नोंद आणि सुरक्षा अहवाल ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून हाताळले जातात.

निरीक्षक काय पाहतात?

तपासणी पूर्वसूचना देऊन होते, तशीच अचानकही होऊ शकते. एखादी घटना घडल्यास विशेष तपासणी होते. तपासणीत पुढील बाबी पाहिल्या जातात.

- इंटरलॉक : स्रोत वर असताना खोलीचे दार उघडता कामा नये. कोणी दार उघडण्याचा प्रयत्न केला, तर स्रोत आपोआप पाण्यात उतरला पाहिजे. हे कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष चालवून पाहतात.
- खोली रिकामी असल्याची खात्री : स्रोत वर घेण्यापूर्वी कर्मचाऱ्याने आत फिरून ठरावीक बटणे ठरावीक वेळेत दाबावी लागतात. आत कोणी अडकल्यास ओढण्यासाठी आपत्कालीन दोरी असते. दोन्ही चालू स्थितीत हवे.
- हौदाचे पाणी : पातळी आणि शुद्धता तपासतात. अशुद्ध पाण्याने स्रोताचे स्टीलचे आवरण गंजू शकते. पाण्यात किरणोत्सार आढळला, तर आवरणातून गळतीची शक्यता असते.
- किरणोत्सार मोजणारी उपकरणे : ती चालू आहेत का आणि त्यांचे प्रमाणीकरण मुदतीत आहे का, हे पाहतात. भिंतीबाहेरची पातळीही मोजतात.
- माणसे : केंद्राला मान्यताप्राप्त किरणोत्सार सुरक्षा अधिकारी (आरएसओ) आणि प्रशिक्षित चालक असणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांच्या टीएलडी बॅजवरून त्यांना मिळालेली मात्रा कळते. ही मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे.
- स्रोतांचा हिशेब : प्रत्येक स्रोताचा क्रमांक, आगमनाची तारीख आणि वापर संपल्यावर परत पाठवल्याची नोंद जुळली पाहिजे.

त्रुटी आढळल्यास लेखी अहवाल दिला जातो आणि दुरुस्तीसाठी मुदत ठरते. गंभीर त्रुटींसाठी वापर थांबवणे, परवाना निलंबित किंवा रद्द करणे आणि कायदेशीर कारवाई असे पर्याय आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. निरीक्षक वर्षातील मोजकेच दिवस केंद्रावर असतो. उरलेल्या दिवसांची जबाबदारी परवानाधारकाची आणि त्याच्या आरएसओची असते. रोजची वही नीट लिहिणारे केंद्रच तपासणीला न डगमगता सामोरे जाते.

हिशेब सुटला की काय होते?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील एक जुने गॅमा यंत्र 1985 पासून वापरात नव्हते. 2010 च्या सुरुवातीला ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरी बाजारात फोडले गेले. आतील कोबाल्ट-60 मुळे भंगार कामगारांना गंभीर इजा झाल्या आणि एकाचा मृत्यू झाला. यंत्र चालवताना अपघात झाला नव्हता. यंत्रावरची नजर हटली होती. स्रोतांच्या नोंदींबाबत निरीक्षक आग्रही असतात, ते यामुळेच.

कोल्हापूर जिल्ह्यातील फाउंड्री, भंगार दुकाने आणि वितळण्याच्या भट्ट्यांसाठीही हा धडा आहे. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड शिशाची पेटी भंगारात दिसली, तर ती कापू नये, वितळवू नये. दूर थांबून पोलिसांना किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावे.

शेतमालाच्या बाबतीत तीन वेगळ्या तपासण्या

शेतकऱ्यांचा गोंधळ बहुधा येथे होतो. एईआरबी माणसांची आणि परिसराची किरणोत्सारापासून सुरक्षितता पाहते. अन्नाची गुणवत्ता व लेबल हा एफएसएसएआयचा विषय आहे. निर्यातीत कीडमुक्ततेची अट आयात करणारा देश घालतो.

लासलगाव (जि. नाशिक) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ केंद्र 2002 मध्ये सुरू झाले. 2007 मध्ये अमेरिकी कृषी विभागाच्या मान्यतेनंतर येथून प्रक्रिया झालेला आंबा अमेरिकेला गेला. पुढे राज्य कृषी पणन मंडळाची सुविधा वाशी, नवी मुंबई येथे उभी राहिली.

मालानुसार मात्रा वेगळी असते :

- कांद्याचे कोंब रोखण्यासाठी : सुमारे 60 ते 90 ग्रे
- अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी : किमान 400 ग्रे
- मसाल्यांतील सूक्ष्मजीव कमी करण्यासाठी : 6,000 ते 14,000 ग्रे

मे 2025 मध्ये मुंबई परिसरात प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या सुमारे 15 खेपा अमेरिकेतील विमानतळांवर प्रक्रियेच्या कागदपत्रांतील त्रुटींमुळे नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मोठा असल्याने तो आंबा तेथेच नष्ट करावा लागला. हा किरणोत्सार सुरक्षेचा प्रश्न नव्हता. पण नोंद चुकली की माल कसा बुडतो, हे त्यातून दिसते.

माल पाठवण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

1. केंद्राचा एईआरबी परवाना चालू आहे का? मुदत कधीपर्यंत आहे?
2. आरएसओ नियुक्त आहे का?
3. आपल्या मालासाठी कोणती मात्रा ठरली आहे? मात्रा मोजल्याचा दाखला लॉट क्रमांकासह मिळेल का?
4. प्रक्रिया झालेला आणि न झालेला माल वेगळा ठेवण्याची सोय आहे का?
5. निर्यात असल्यास संबंधित देशाची मान्यता आणि कागदपत्रे कोण तयार करणार?

परवान्याबद्दल विचारल्यावर टाळाटाळ झाली, तर तेथे माल देऊ नये.

नेहमीच्या शंका

*विकिरण केलेला माल किरणोत्सारी होतो का?* नाही. मालाचा कोबाल्टशी स्पर्श होत नाही. त्यातून फक्त किरण जातात आणि या किरणांची ऊर्जा मालाला किरणोत्सारी करण्याइतकी नसते.

*विकिरणाने खराब माल सुधारतो का?* नाही. सडलेला कांदा किंवा बुरशी लागलेली हळद त्याने चांगली होत नाही. काढणी, सुकवणी आणि प्रतवारी नीट केलेलाच माल पाठवावा.

*शेताजवळ असे केंद्र आले तर धोका आहे का?* परवानाप्राप्त आणि नियमित तपासणी होणाऱ्या केंद्राच्या भिंतीबाहेरची पातळी मर्यादेत ठेवणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत शंका आल्यास केंद्राकडून परवान्याची प्रत आणि परिसरातील मोजमापांची माहिती मागावी. कृषी सहायकांनी हीच माहिती गटांच्या बैठकीत सांगावी.