शस्त्रवैद्याची पारख

नवें शस्त्र निघालें कीं लोकांचें लक्ष शस्त्राकडे जातें, तें धरणाऱ्या हाताकडे सहसा जात नाहीं. ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे, आणि आज शस्त्रवैद्यकांत ती पुनः दिसून येत आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर रोबोच्या साहाय्यानें शस्त्रक्रिया करण्याची सोय आतां मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून झाली आहे. घरांतील वडीलधाऱ्या पुरुषास हा रोग असल्याचें निदान झालें, म्हणजे कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो "रोबो कोणत्या रुग्णालयांत आहे?" हा. "तो चालविणारा कोण, आणि त्याच्या हातून आजवर काय निपजलें?" हा प्रश्न मागाहून निघतो, किंवा निघतच नाहीं. या शस्त्रक्रियेचा इतिहास चाळला असतां हा दुसरा प्रश्नच आधीं विचारला पाहिजे, अशी आमची खात्री झाली आहे. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम शस्त्रवैद्याचें काम किती अडचणीचें आहे तें पाहूं. ही ग्रंथि अक्रोडाएवढी असून ओटीपोटाच्या तळाशीं, मूत्राशयाच्या तोंडाशीं बसलेली असते. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. मागें गुदाशय, खालीं लघवी रोखून धरणारा स्नायु, आणि दोन्ही अंगांस बारीक मज्जातंतूंचे जुडगे. या तंतूंवर पुरुषाचें वैवाहिक सुख अवलंबून असतें. एवढ्या दाटीच्या जागेंतून ग्रंथि समूळ काढावयाची, रोगाचा अंशही मागें ठेवावयाचा नाहीं, आणि शेजाऱ्यांस धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, असें हें काम आहे. शस्त्र ग्रंथीच्या फार जवळून गेलें तर रोग मागें राहतो. फार दुरून गेलें तर रोगी कर्करोगांतून वांचूनही लघवीवरील ताबा गमावून बसतो. या दोन चुकांमधील अंतर कांहीं मिलिमीटरांचें असतें.

शरीराच्या या भागांत शस्त्र चालविण्याची जोखीम आमच्या प्राचीनांसही ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मुतखडा शस्त्रानें काढण्याचा विधि आहे. रोग निराळा, पण प्रदेश तोच. तेथें न दुखवावयाचीं आठ स्थानें मोजून दिलीं आहेत, आणि तीं न जाणणारा अपटु वैद्य पुष्कळांच्या प्राणांस मुकवितो, असें स्पष्ट बजावलें आहे. निष्णातासही येथें यशाची हमी नाहीं, म्हणून राजाची अनुमति घेऊनच या कर्मास हात घालावा, असाही दंडक घातला आहे. सूत्रस्थानांतील योग्यासूत्रीय अध्याय तर आमच्या विषयास अधिकच उपकारक आहे. 'योग्या' म्हणजे हाताचा सराव. कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घेण्याचा, पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदण्याचा, मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर वेध करण्याचा, कापडावर व मऊ कातड्यावर टांके घालण्याचा अभ्यास शिष्याकडून करवून घ्यावा, असें तेथें सांगितलें आहे. सर्व शास्त्र मुखोद्गत असलेला शिष्यही योग्येवांचून कर्मास अयोग्य होय, हा सुश्रुताचा निर्वाळा आहे.

सराव पाहिजे हें खरें. पण तो फळास आला कीं नाहीं हें कशावरून ओळखावें? त्यास हिशेबावांचून दुसरा उपाय नाहीं. विल्यम चेसल्डेन हा लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील शस्त्रवैद्य मुतखड्याच्या शस्त्रक्रियेंत इतका तरबेज होता कीं, त्याचा हात मिनिटाच्या आंत काम उरकी. भूल देण्याची विद्या नसलेल्या त्या काळीं रोग्याच्या दृष्टीनें ही केवढी दया होती! परंतु आम्हांस त्याची चपळाई तितकी मोठी वाटत नाहीं, जितकी त्याची सचोटी वाटते. आपण 213 रोग्यांवर शस्त्र चालविलें व त्यांपैकीं 20 दगावले, हें त्यानें स्वतःच छापून प्रसिद्ध केलें. पुढें 1900 सालीं लंडनमध्येंच पीटर फ्रायर यानें वाढलेली प्रोस्टेट ग्रंथि मूत्राशयावाटे काढण्याची आपली पद्धति सुरू केली. ही वाढ कर्करोगाची नव्हे, उतारवयांतील साधी वाढ. हा आयरिश गृहस्थ त्यापूर्वीं अनेक वर्षें हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरींत होता, आणि मुतखडे काढण्याच्या कामीं त्याचा हात येथेंच बसला होता. या पद्धतीचा पहिला मान कोणाचा, याविषयीं न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर याच्याशीं त्याचा कडाक्याचा वाद झाला. तो वाद आज कोणास आठवत नाहीं. 1912 पर्यंत फ्रायरनें आपल्या एक हजार शस्त्रक्रियांची नोंद जगापुढें मांडली, ही गोष्ट मात्र स्मरणीय आहे.

हिशेब मागणारा मनुष्य सर्वांस प्रिय होतो असें मात्र नाहीं. अमेरिकेंत बोस्टन येथील अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्यानें असा आग्रह धरिला कीं, प्रत्येक रोग्याचा शेवट काय झाला याचा रुग्णालयानें माग ठेवावा, आणि अपयश आल्यास तें कां आलें हें लिहून काढावें. वैद्यांस बढती वयाच्या ज्येष्ठतेवर मिळावी कीं कामाच्या फळावर, या वादांत त्यानें 1914 सालीं मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाची जागा सोडली. स्वतःच्या लहानशा रुग्णालयांतून 1911 ते 1916 या काळांत बाहेर पडलेल्या 337 रोग्यांची हकीकत त्यानें प्रसिद्ध केली, आणि तींत 123 चुका आपण होऊन कबूल केल्या. त्या काळीं त्याची टवाळी झाली. आज रुग्णालयांच्या कामाची मोजदाद करणारे लोक त्याला आपला मूळपुरुष मानतात.

आतां खुद्द कर्करोगाकडे वळूं. ता. 7 एप्रिल 1904 रोजीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ह्यू हॅम्प्टन यंग यानें कर्करोगग्रस्त प्रोस्टेट ग्रंथि समूळ काढली. त्यानंतर पाऊणशें वर्षें ही शस्त्रक्रिया होत राहिली खरी, पण तिची किंमत जबर होती. रक्तस्राव फार होई, आणि पुरुषत्व बहुधा जाईच. तें कां जातें हें मात्र कोणास नीट उमगलें नव्हतें. 1981 सालीं त्याच जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श हे हॉलंडांतील लायडन येथें गेले असतां सेवानिवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांची त्यांच्याशीं गांठ पडली. दोघांनीं मिळून अर्भकाच्या शवांत त्या बारीक तंतूंचा मार्ग शोधला. ते ग्रंथीच्या आंतून न जातां बाहेरून जातात असें आढळलें. पुढच्याच वर्षीं, 1982 सालीं, वॉल्श यांनीं ते तंतु राखून शस्त्रक्रिया केली. या क्रांतीस कोणतेंही नवें यंत्र लागलें नाहीं. जुनाच चाकू, पण तो कोठें थांबावा हें कळलें.

रोबो आला तो यानंतर. 2000 सालीं जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें या शस्त्रक्रियेसाठीं त्याचा प्रथम उपयोग झाला, आणि लवकरच अमेरिकेंत डेट्रॉइट येथें मूळचे भारतीय डॉ. मणि मेनन यांनीं तिला व्यवस्थित पद्धतीचें रूप दिलें. 'रोबो' या नांवावरून वाचकांचा असा ग्रह होण्याचा संभव आहे कीं, यंत्र आपल्या बुद्धीनें कापतें. तसें नाहीं. शस्त्रवैद्य कांहीं हातांवर बसून भिंगांतून आंतील चित्र मोठें व सखोल पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल यंत्र लहान करून, कंप गाळून, पोटांतील सूक्ष्म अवजारांपर्यंत पोंचविते. छेद लहान राहतात, रक्त कमी जातें, रोगी लवकर घरीं जातो. हे लाभ खरे आहेत. परंतु कोठें कापावें व कोठें थांबावें हें यंत्रास कळत नाहीं; तें बसणाऱ्यासच कळावें लागतें.

याचा पुरावा आंकड्यांत आहे. 2007 सालीं अमेरिकेंतील 72 शस्त्रवैद्यांनीं केलेल्या 7,765 शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या साऱ्या जुन्या, पोट उघडून करावयाच्या पद्धतीच्या होत्या. ज्याच्या गांठीं अवघ्या 10 शस्त्रक्रियांचा अनुभव होता, त्याच्या रोग्यांत पांच वर्षांच्या आंत रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा 17.9 होतें, 250 केलेल्याच्या रोग्यांत तें 10.7 होतें. रोग तोच, शस्त्र तेंच, फरक हाताचा. शंभरांमागें हीं जीं सात माणसें, त्यांचा अपराध एवढाच कीं त्यांनीं दार निराळें ठोठावलें. पुढें 2016 सालीं ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथील 326 रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते दोन गटांत वांटले होते. एका गटावर जुन्या पद्धतीनें व दुसऱ्यावर रोबोनें शस्त्रक्रिया झाली. रोबोच्या गटांत रक्त कमी गेलें. पण बारा आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा व पुरुषत्व या बाबतींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. चांगल्या हातांतील जुनें शस्त्र नव्या यंत्राहून उणें ठरलें नाहीं, हा त्यांतील बोध आम्हीं घेतों.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सर्वच रोगी अनुभवी वैद्याकडे गेले तर नवा वैद्य शिकेल कोठें? आक्षेप रास्त आहे, पण त्याचें उत्तर सुश्रुतानेंच देऊन ठेविलें आहे. कोहळ्याच्या जागीं आज आभासी सरावाचीं यंत्रें आहेत, आणि गुरु शेजारीं बसून शिष्याच्या हातून काम काढून घेऊं शकेल अशी जोडयंत्रांची सोयही आहे. शिकणें रोग्याच्या माहितीनें व गुरूच्या नजरेखालीं व्हावें, एवढेंच मागणें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, संख्या म्हणजे कौशल्य नव्हे. हेंही खरें. शेंकडों शस्त्रक्रिया करूनही फळ सामान्यच देणारे हात असतात. म्हणून संख्येबरोबर फळही विचारावें.

तेव्हां रोग्यानें किंवा त्याच्या मुलानें विचारावें तें असें: ही शस्त्रक्रिया आपण स्वतः किती वेळां केली, आणि गेल्या वर्षीं किती? त्या दिवशीं यंत्रावर आपण बसणार कीं दुसरे कोणी? वर्षानंतर आपल्या किती रोग्यांस लघवीसाठीं पॅड लागतात? काढलेल्या ग्रंथीच्या कडेस रोग दिसण्याचा प्रसंग कितींदां येतो? आणि शेवटीं, शस्त्रक्रिया मुळांत लागतेच काय? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्या 1,643 पुरुषांवर इंग्लंडादि देशांत झालेल्या चांचणीचा पंधरा वर्षांचा निकाल 2023 सालीं आला. नुसती देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार हे तीन मार्ग तींत होते, आणि या रोगानें मरण पावणारांचें प्रमाण तिन्हींत सारखेंच, एकंदरीनें शेंकडा तीनाहूनही कमी निघालें. सर्वच रोग्यांची स्थिति अशी सौम्य नसते; परंतु "आपणांस घाई नाहीं" असें सांगणारा शस्त्रवैद्यही अनुभवीच समजावा.

हे प्रश्न विचारणें आमच्या समाजास जड जातें. वैद्यास देवाच्या जागीं मानण्याचा संस्कार आमच्यांत खोल रुजलेला आहे, आणि त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. पण लेकीचें स्थळ पाहतांना दहा ठिकाणीं चौकशी करणारे, घराच्या पायाचा दगड स्वतः पारखून घेणारे आम्ही, वडिलांच्या देहावर शस्त्र चालणार असतां संकोचानें गप्प बसतों, याला श्रद्धा म्हणावें कीं आळस? चेसल्डेननें आपले वीस मृत्यु न विचारतां सांगितले, कॉडमननें आपल्या चुका मोजून दाखविल्या. त्यांच्या पंथांतील शस्त्रवैद्य आजही आहेत, आणि अशा प्रश्नानें ते दुखावत नाहींत. ते आपली वही उघडतात. जो रागावतो, त्याचा राग हेंही एक उत्तरच होय, आणि तें ऐकून घरच्यांनीं दुसऱ्या दाराची चौकशी करण्यास हरकत नाहीं.