सांडलेली घागर

डोळे उघडा. १९७३ चा मे महिना. नगर तालुक्यातलं एक कोरडं गाव. पहाट व्हायला अवकाश आहे आणि तुम्ही आडाच्या काठावर घागरींच्या रांगेत बसला आहात. तळाशी एक बाई करवंटीनं झऱ्याचं पाणी टिपतेय. करवंटी दगडाला घासते, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. झरा पाझरेपर्यंत थांबायचं.

तिच्या तीन घागरी भरतात. एक तुम्ही उचलता, वाटेत ठेच लागते आणि पाणी मातीत जिरतं. तुम्ही ओशाळता. ती क्षणभर थांबून म्हणते, "असू द्या दादा. लेकरांचं आन् बैलाचं भागंल. आज भांडी राखंनं घासू."

सांडलेली घागर कुठलीही असो, हुकतं ते शेवटचं, सगळ्यांत कमी निकडीचं काम. उद्या एकच घागर मिळाली, तर तेवढंच पाणी लेकरांच्या घशाइतकं मोलाचं ठरेल. १८७१ साली व्हिएन्नात कार्ल मेंगर यांनी हेच मांडलं: वस्तूचं मोल तिच्या शेवटच्या उपयोगावर ठरतं. जगायला लागणारं पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, हे अ‍ॅडम स्मिथच्या काळापासूनचं कोडं त्यातून सुटलं. आपल्या पुस्तकांत याला सीमान्त उपयोगिता म्हणतात.

आता तिच्याबरोबर बाजारात चला. दुष्काळी कामावर खडी फोडून मिळालेले पैसे पदराच्या गाठीत आहेत. आधी ज्वारी. आठवड्याच्या भाकरीची सोय होताच हात थांबतो. पुढच्या शेराआधी बैलाला कडबा हवा. उरलेल्या चार आण्यांचा ती गूळ घेते. ही उधळपट्टी नव्हे. उन्हात राबलेल्या अंगाला आणखी मूठभर ज्वारीपेक्षा घोटभर गुळाच्या चहाचा आधार मोठा. कुठल्या वस्तूवरचा शेवटचा पैसा जास्त उपयोगी पडेल, एवढंच ती पाहते. चुकायची तिला मुभाच नाही, म्हणून तिचा हिशोब इतका नेमका.

परत या. त्याच तालुक्यातलं हिवरे बाजार आज पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी, मग पिकांचं. ऊस, केळी नाहीत. तिनं घागरींवर केलेली वाटणी आता अख्खं गाव करतं, आणि तीही घसा कोरडा पडण्याआधी.