चार बोटे, सहा तारा आणि गाळलेला पंचम

पियानो वाजवणाऱ्याला दोन्ही हात मोकळे असतात. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने तिच्याखालची कॉर्ड आणि खर्ज, अशी कामाची वाटणी त्याला आपसूक मिळते. गिटारवाल्याचा एक हात तारा छेडण्यातच गुंतलेला असतो. उरलेल्या हाताची चार बोटे सहा तारांवर जे दाबतील, तेवढ्यावर त्याला भागवावे लागते. तरीही विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही वादकांनी एकट्या गिटारवर संपूर्ण गाणे उभे करण्याची रीत घडवली. तिला ‘कॉर्ड मेलडी’ म्हणतात. चाल सर्वांत वरच्या सुरात, तिच्याखाली कॉर्ड आणि तळाशी खर्ज, अशी तिची ढोबळ रचना.

एकट्याने गिटार वाजवणे युरोपात जुनेच होते. फर्नांदो सोर आणि पुढे फ्रान्सिस्को तारेगा यांनी त्यासाठी रचना केल्या. पण तिथे प्रत्येक सूर आधी कागदावर लिहिलेला असे. अमेरिकन वादकापुढे बहुधा नाटका-सिनेमातले एखादे लोकप्रिय गाणे असे. त्याची चाल आणि कॉर्डची नावे, एवढेच. बाकीचे त्याने स्वतः बसवायचे. हे बसवणे शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती. मग ते शिकले कसे, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात गिटारपासून नव्हे, बँजोपासून करावी लागते. १९२०च्या सुमारास नृत्यवृंदांत ताल धरण्याचे काम बँजोकडे होते, कारण त्याचा आवाज खणखणीत होता. ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई आणि त्यात गिटारचा मऊ आवाज हरवून जाई. चार तारांच्या टेनर बँजोवर वरच्या तारेवर चाल आणि खाली कॉर्ड असे तुकडे वाजवण्याची पद्धत रुळलेली होती. १९२२मध्ये गिब्सन कंपनीने व्हायोलिनसारखी कमानदार पाठ-पोट आणि ‘एफ’ आकाराची छिद्रे असलेली एल-५ ही गिटार बाजारात आणली. १९२५मध्ये मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. या दोन गोष्टींनी गिटारला दार उघडले. बँजोवादक गिटारकडे वळले आणि येताना बँजोची सवय सोबत घेऊन आले.

तरी वृंदात गिटार ऐकू येणे कठीणच होते. पितळी वाद्यांपुढे एका तारेवरचा एकेक सूर बुडून जाई. तीन-चार तारा एकदम छेडल्या तर मात्र काहीतरी कानावर पडे. म्हणून १९३०च्या दशकात गिटारवादकाला एकट्याने वाजवायची संधी मिळाली की तो पुष्कळदा कॉर्डमधूनच चाल वाजवी. या शैलीचा जन्म अशा अडचणीतून झाला.

या पिढीचा अग्रणी एडी लँग. मूळ नाव साल्वातोरे मासारो, जन्म फिलाडेल्फियात १९०२चा. वडील तंतुवाद्ये बनवीत आणि मुलगा आधी व्हायोलिन शिकला. १९२७मध्ये त्याने रखमानिनोव्हच्या पियानोवरच्या एका प्रसिद्ध प्रील्यूडचे गिटारवर ध्वनिमुद्रण केले. पियानोचा ऐवज गिटारवर कितपत पेलतो, हे जणू त्याने तपासून पाहिले. १९३२च्या आरंभी त्याने कार्ल क्रेस याच्याबरोबर दोन गिटारांच्या काही तबकड्या केल्या. त्यांत लँग एकेरी सुरांची चाल वाजवतो आणि क्रेस कॉर्डचा भरणा करतो. क्रेस बँजोकडून आलेला, म्हणून त्याने गिटारच्या खालच्या तारा बँजोसारख्या पंचमाच्या अंतराने लावून घेतल्या होत्या. वाद्य बदलले तरी हाताची ओळख मोडू नये, यासाठी त्याने तारांचीच जुळणी बदलली. पुढच्याच वर्षी, १९३३मध्ये, टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर लँग वारला. तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता.

लँगचे वादन ऐकून गिटारकडे वळलेल्यांपैकी जॉर्ज व्हॅन एप्स हा पुढचा दुवा. वडील फ्रेड व्हॅन एप्स नामांकित बँजोवादक, आई पियानोवादक. घरातच दोन्ही वाद्ये. जॉर्जची तक्रार तळाबद्दल होती. सहा तारांत चाल आणि कॉर्ड बसते, पण खर्जाला स्वतंत्र चालायला जागा उरत नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार करून घेतली. सातवी तार पाचव्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली लावलेली. गिटारला तो मांडीवरचा पियानो म्हणे. १९३९मध्ये त्याचे शिकवणीचे पुस्तक निघाले. म्हणजे रीत वापरात येऊन दशक उलटल्यावर तिचे पुस्तक आले.

आता या वादकांपुढचे कोडे काय होते ते आपल्या सरगमच्या भाषेत पाहू. पांढरी एकचा सा धरला, तर सा-ग-प-नी ही चार सुरांची कॉर्ड. पियानोवर हे सूर शेजारी-शेजारी दाबता येतात. गिटारवरही ही मूळ मांडणी चार बोटे चार पडद्यांवर पसरून बसते. पण चाल नीवरून साकडे गेली की पंचाईत होते. आता सा सर्वांत वर हवा, म्हणजे क्रम ग-प-नी-सा. सा पहिल्या तारेच्या आठव्या पडद्यावर, तर ग चौथ्या तारेच्या चौदाव्यावर! सात पडद्यांचा हा ताण कोणत्याही पंजाला झेपणारा नाही. त्यावर तोडगा असा: वरून दुसरा सूर, म्हणजे नी, उचलून एक सप्तक खाली टाकायचा. क्रम होतो नी-ग-प-सा आणि चारही सूर आठव्या-नवव्या पडद्यांत आरामात बसतात. सूर तेच, पण दोन सुरांमध्ये मोकळी जागा आल्याने मेळ अधिक गोलसर ऐकू येतो. आज जॅझ गिटार शिकणाऱ्याला हा तोडगा लवकरच सांगितला जातो.

दुसरी युक्ती गाळण्याची. कॉर्डचा भाव ठरतो तो गंधार आणि निषाद कोमल की शुद्ध यावरून. पंचम बहुतेक वेळा नुसता भरणा करतो. तो गाळला तर कानाला चुकल्यासारखे वाटत नाही. साथीला खर्जाचे वाद्य असेल तर षड्जही सोडता येतो. चार सुरांची कॉर्ड अशी दोन सुरांवर येते आणि दोन बोटे चालीसाठी मोकळी होतात. आपल्याकडे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा जे स्वरलेखन करीत, त्यात चाल, मेळ आणि खर्ज वेगवेगळ्या वादकांत वाटलेले असत. तिथे कुणाला काय द्यायचे हा प्रश्न होता. एकट्या गिटारवाल्यापुढे काय सोडायचे हा प्रश्न असतो.

१९३६मध्ये गिब्सनची ईएस-१५० ही विजेवरची गिटार आली. काही वर्षांतच चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनसारखी एकेरी सुरांची धावती चाल वाजवून दाखवली. आता ऐकू येण्यासाठी कॉर्डची गरज राहिली नाही. बहुतेक तरुण वादक त्या वाटेने गेले. कॉर्ड मेलडी मागे पडली, पण संपली नाही. यापुढे ती ज्याने धरली त्याने मनापासून धरली.

त्यांतला जॉनी स्मिथ. जन्म १९२२, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. घरच्यांबरोबर गावे बदलत तो मेनमधल्या पोर्टलंडला आला. तिथल्या गहाणवटीच्या दुकानांत गिटारी पडून असत. त्या सुरात लावून ठेवायच्या आणि बदल्यात वाजवायला मिळायच्या, असा सौदा करून हा मुलगा गिटार शिकला. १९५२मध्ये स्टॅन गेट्झच्या सॅक्सोफोनसह त्याने ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ ध्वनिमुद्रित केले आणि ते गाजले. इतरांनी सूर खाली टाकून पंजाचा ताण टाळला. स्मिथने पंजा ताणून पियानोसारखे दाट, शेजारी-शेजारी असलेले सूर गिटारवर आणले. त्याच अडचणीचे हे उलट उत्तर. पत्नीच्या निधनानंतर १९५८मध्ये तो लहान मुलीला वाढवण्यासाठी न्यूयॉर्क सोडून कोलोराडो स्प्रिंग्सला गेला आणि तिथे त्याने वाद्यांचे दुकान काढले.

इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी नोटेशन वाचत नसे. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून त्याने त्याचे तुकडे जसेच्या तसे बसवले. पुढे आधी एकेरी सूर, मग सप्तकाच्या जोड्या आणि शेवटी कॉर्डमधून चाल, अशी चढत जाणारी त्याची मांडणी ओळखीची झाली. पुष्कळ विद्यार्थी तबकडी निम्म्या गतीने फिरवून ऐकत. सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतात, पण बोटे कुठून कुठे गेली ते कळते. या लोकांना आपण सर्रास ‘स्वयंशिक्षित’ म्हणतो. मला हा शब्द अपुरा वाटतो. त्यांना गुरू होते. आपण कुणाला तरी शिकवतो आहोत, हे फक्त त्या गुरूंना ठाऊक नव्हते.

१९७३मध्ये जो पासने ‘व्हर्चुओसो’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. साथीला कुणी नाही, एकटी गिटार. ती ऐकून अनेकांना वाटते की हा माणूस चाल, कॉर्ड आणि खर्ज सतत एकाच वेळी वाजवतो. बारकाईने ऐकले तर बहुतेक जागी तसे होत नाही. चालीचा एक तुकडा येतो, तो थांबतो तिथे कॉर्ड पडते, मग खर्जाचे चार सूर चालत पुढच्या कॉर्डपाशी नेऊन सोडतात. कॉर्ड वाजून गेली तरी ऐकणाऱ्याच्या कानात ती टिकते आणि पुढची एकेरी चाल तिच्याच सावलीत ऐकू येते. अर्धे काम श्रोताच करतो. क्रेसच्या काळात सगळे सूर एकत्र ठोकावे लागत. जो पासच्या हाती ते क्रमाने आले तरी पुरले.

याच सुमारास पुस्तकेही वाढली. १९७१मध्ये लॉस एंजेलिसच्या टेड ग्रीनचे ‘कॉर्ड केमिस्ट्री’ निघाले आणि कॉर्डच्या आकृत्यांचे भांडार विद्यार्थ्यांच्या हाती आले. अनेकांनी त्या पाठ केल्या, आणि आकृत्या पाठ असूनही एक गाणे धड वाजवता येत नाही, अशी तक्रार तेव्हापासून आजवर ऐकू येते. यात पुस्तकाला दोष देता येणार नाही. ग्रीन स्वतः आयुष्यभर शिकवण्या घेत राहिला आणि त्याच्या हस्तलिखित पाठांत संपूर्ण गाणी बसवलेली आहेत. आकृती गाण्यातल्या एका जागेसाठी असते, हे त्या पाठांवरून दिसते. लँगपासून माँटगोमेरीपर्यंत सगळ्यांना आधी गाणे येत होते. अडचण एखाद्या सुरापाशी येई आणि आकृती तिच्या सोडवणुकीतून निघे. पुस्तकातून शिकणाऱ्याच्या हाती उत्तरे आधी पडतात, प्रश्न नंतर.

म्हणून ही रीत शिकू पाहणाऱ्याने क्रम उलटा करावा, असे या इतिहासावरून म्हणता येते. ओठांवर असलेले एक गाणे घ्यावे. त्याची चाल वरच्या दोन तारांवर बसवावी. ती खाली जात असेल तर पट्टी चढवावी. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला फक्त खर्जाचा सूर द्यावा आणि तेवढ्यावर गाणे उभे राहते का, ते ऐकावे. मग जिथे पोकळ वाटेल तिथे गंधार आणि निषाद भरावेत. पंचमाची आठवण सर्वांत शेवटी करावी. पुष्कळदा तोवर गाणे पुरे झालेले असते.