हवाई दलाची ४४ वी स्क्वाड्रन : चुशूलच्या रणगाड्यांपासून मालेच्या धावपट्टीपर्यंत

भारतीय हवाई दलाची ४४ वी स्क्वाड्रन ही अवजड वाहतूक करणारी तुकडी असून ‘माइटी जेट्स’ या नावाने ती ओळखली जाते. ६ एप्रिल १९६१ रोजी चंदीगड येथे तिची स्थापना झाली. सोव्हिएत संघाकडून घेतलेली एएन-१२ ही चार इंजिनांची मालवाहू विमाने तिला प्रथम मिळाली. १९८५ पासून ती आयएल-७६ ही जेट विमाने वापरते. हवाई दलात या विमानांना ‘गजराज’ असे नाव आहे. या तुकडीने आजवर रणगाडे, बॉम्ब, छत्रीधारी सैनिक, औषधे, धान्य असा नाना प्रकारचा भार वाहिला. भार बदलत गेला, तरी तिच्यापुढील प्रश्न मात्र एकच राहिला : जिथे रस्ता वेळेवर पोहोचवू शकत नाही, तिथे मोठे वजन ठरल्या वेळी कसे उतरवायचे?

स्थापनेची गरज

१९५९ नंतर लडाखच्या सीमेवरील तणाव वाढत गेला. त्या प्रदेशातील चौक्यांना रसद पुरवणे हे लष्करापुढील सर्वांत बिकट काम होते. श्रीनगर–लेह रस्ता अद्याप पक्का झाला नव्हता. झोजिला खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होत असे. हवाई दलाकडे त्या वेळी डकोटा आणि पॅकेट ही दोन इंजिनांची विमाने होती. या विमानांनी लडाखमध्ये असामान्य कामगिरी केली होती. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा उतरवले. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी १६ हजार फुटांहून अधिक उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट उतरवले. तथापि या विमानांची वहनक्षमता मर्यादित होती. तोफा, अवजड यंत्रे किंवा रणगाडे हिमालयापलीकडे नेण्यासाठी मोठे विमान आवश्यक होते.

एएन-१२ विमानाने ही उणीव भरून काढली. सपाट प्रदेशात सुमारे २० टन भार वाहण्याची त्याची क्षमता होती. मागील बाजूस उघडणाऱ्या रुंद दारामुळे वाहन थेट विमानाच्या पोटात चढवता येई. मात्र उंचीवर ही क्षमता झपाट्याने घटते. हवा विरळ असल्याने इंजिनांची शक्ती कमी होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उड्डाणासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. दुपारी तापमान वाढले की विरळपणात भर पडते आणि दऱ्यांमधून जोराचे वारे वाहू लागतात. म्हणून लेहकडील उड्डाणे पहाटे सुरू करून मध्यान्हापूर्वी आटोपण्याचा प्रघात पडला. एका फेरीत किती टन न्यायचे, याचा हिशेब रोज नव्याने मांडावा लागे.

चुशूल : पहिली कसोटी

तुकडीला दोन वर्षेही पूर्ण झाली नसताना तिची पहिली मोठी कसोटी लागली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. लडाखमधील चुशूलची धावपट्टी समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. चुशूल हातचे गेले असते, तर लेहकडे जाणारा मार्ग धोक्यात आला असता. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात एएन-१२ विमानांनी २० लान्सर्स रेजिमेंटचे एएमएक्स-१३ हे सहा हलके रणगाडे चंदीगडहून चुशूलला पोहोचवले. रणगाड्याच्या वजनाने विमानाची जमीन खचू नये, तो हवेत जागचा हलू नये आणि उतरल्यावर आखूड अंतरात विमान थांबावे, या सर्व गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या. एवढ्या उंचीवरील कच्च्या धावपट्टीवर असा भार उतरवण्याचा अनुभव कोणाकडेच नव्हता.

या सहा रणगाड्यांनी युद्धाचा निकाल बदलला नाही. परंतु त्या आघाडीवर रणगाडे उतरतील, ही कल्पनाच त्यापूर्वी अशक्य कोटीतील मानली जात होती. लडाखच्या संरक्षणाचे नियोजन करताना अवजड हवाई वाहतूक हा पुढे कायमचा आधार ठरला.

मालवाहू विमानातून बॉम्बफेक

१९७१ च्या युद्धात या तुकडीवर वेगळीच जबाबदारी आली. एएन-१२ विमाने रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी वापरण्याचा निर्णय झाला. एरवी सामान ठेवण्याच्या फळ्यांवर बॉम्ब रचले जात आणि लक्ष्यावर पोहोचताच ते मागील दारातून खाली सोडले जात. या विमानाच्या माल ठेवण्याच्या भागात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. तिथे काम करणारे कर्मचारी कडाक्याच्या थंडीत, प्राणवायूचे मुखवटे लावून बॉम्ब ढकलत. लढाऊ विमानाप्रमाणे वेगाने निसटण्याची सोय या मंद आणि अवाढव्य विमानाला नव्हती. त्यामुळे अंधार हेच त्याचे मुख्य संरक्षण होते.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले. त्याच रात्री तुकडीचे प्रमुख विंग कमांडर विद्या भूषण वसिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली एएन-१२ विमानांनी लाहोरजवळील चांगा मांगा जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर बॉम्बफेक केली. पुढील दिवसांत हाजी पीर भागातील तोफखाना आणि स्कर्दूची धावपट्टी ही लक्ष्येही त्यांनी गाठली. वसिष्ठ यांना महावीर चक्राने गौरवण्यात आले. वाहतूक तुकडीच्या प्रमुखाला प्रत्यक्ष हल्ल्याबद्दल असा सन्मान मिळणे ही दुर्मीळ घटना होय. याच युद्धात ११ डिसेंबर रोजी पूर्व आघाडीवर टांगाईल येथे छत्रीधारी सैनिक उतरवण्यात आले. त्या मोहिमेत डकोटा आणि पॅकेट विमानांबरोबर एएन-१२ विमानांचाही सहभाग होता.

हिमालयाने घेतलेली किंमत

लडाखच्या हवाई वाहतुकीला मोठी किंमतही मोजावी लागली. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचे एक एएन-१२ विमान १०२ जणांना घेऊन चंदीगडहून लेहकडे निघाले. हवामान बिघडल्याने ते परत फिरले आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात बेपत्ता झाले. पुढील ३५ वर्षे त्याचा मागमूस लागला नाही. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष आढळले. त्यानंतर लष्कराने अनेक शोधमोहिमा काढल्या. सप्टेंबर २०२४ अखेरच्या मोहिमेत आणखी चार मृतदेह सापडले. अपघातानंतर ५६ वर्षांनी आप्तांच्या अंत्यविधीचा हक्क त्या कुटुंबांना मिळाला. सियाचीन आणि लडाखमधील जवानांना पोहोचणाऱ्या प्रत्येक रसदीमागे हा धोका गृहीत धरलेला असतो.

‘गजराज’चे आगमन आणि मालदीव मोहीम

१९८५ मध्ये आयएल-७६ विमाने दाखल झाली आणि तुकडीची क्षमता एकदम दुपटीहून अधिक वाढली. हवाई दलाने अशी १७ विमाने घेतली. सुमारे ४५ टन भार वाहणाऱ्या या चार इंजिनांच्या जेट विमानात दिशादर्शक अधिकारी वैमानिकांच्या खालच्या पातळीवर, नाकाडातील काचेच्या कक्षात बसतो. धावपट्टी प्रथम त्याच्याच नजरेस पडते. लोडमास्टर हा भाराची मांडणी ठरवतो. भार थोडा मागे सरकला तरी विमानाचा तोल बिघडू शकतो, म्हणून त्याच्या संमतीशिवाय दार बंद होत नाही.

या विमानांची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे नोव्हेंबर १९८८ मधील ‘ऑपरेशन कॅक्टस’. ३ नोव्हेंबरच्या पहाटे श्रीलंकेतील ‘प्लोट’ संघटनेच्या भाडोत्री सैनिकांनी मालदीवची राजधानी माले येथे उठाव घडवला. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी लपून राहून भारताकडे मदत मागितली. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या सरकारने त्याच दिवशी सैन्य पाठवण्याचा निर्णय घेतला. सायंकाळी आग्र्याहून दोन आयएल-७६ विमाने ब्रिगेडियर फारुख बुलसारा यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे सैनिक घेऊन निघाली. आघाडीच्या विमानाचे सारथ्य ४४ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्याकडे होते. भारताचे मालदीवमधील उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी त्या वेळी योगायोगाने दिल्लीत होते. तेही विमानात होते आणि तेथील बेटांची त्यांना असलेली माहिती फार उपयोगी पडली.

अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर पार करून ही विमाने रात्री हुलहुले बेटावरील विमानतळावर उतरली. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र होता. विमानतळ उठाव करणाऱ्यांच्या हाती आहे काय आणि धावपट्टीवर अडथळे टाकले आहेत काय, याची शेवटच्या क्षणापर्यंत खात्री नव्हती. नियंत्रण कक्षाकडून ठरलेला सांकेतिक शब्द मिळाल्यावर धावपट्टीचे दिवे थोडा वेळ उजळले आणि तेवढ्या प्रकाशात विमाने उतरली. सैनिकांनी विमानतळ ताब्यात घेतला, नावांतून माले गाठले आणि पहाटेपूर्वी गयूम सुरक्षित झाले. ओलिसांसह जहाजातून पळालेल्या भाडोत्री सैनिकांना पुढे नौदलाच्या ‘आयएनएस गोदावरी’ने गाठले. मदतीची हाक आणि सैन्याचे आगमन यांत एक दिवसही गेला नाही. अवजड वाहतूक तुकडी नसती, तर हा निर्णय कागदावरच राहिला असता.

शांतताकाळातील भूमिका

युद्ध नसतानाही या विमानांना उसंत नसते. लेहचा हवाई पुरवठा वर्षभर चालू असतो. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर हवाई दलाच्या वाहतूक विमानांनी अंदमान-निकोबारसह शेजारी देशांत मदत पोहोचवली. सप्टेंबर २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळग्रस्तांसाठी सुमारे २५ टन साहित्य घेऊन एक आयएल-७६ अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात उतरले. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचे टँकर हलवण्यातही ही विमाने होती. द्रवरूप प्राणवायूने भरलेला टँकर हवाईमार्गे नेणे धोक्याचे असते. त्यामुळे रिकामे टँकर विमानाने उत्पादन केंद्रांपर्यंत नेऊन परतीचा प्रवास रेल्वे किंवा रस्त्याने करण्यात आला. एका बाजूचा वाचलेला वेळही अनेक रुग्णालयांना मोलाचा ठरला.

पुढील प्रश्न

आयएल-७६ विमानांनी आता सेवेची चार दशके ओलांडली आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालात सुट्या भागांच्या टंचाईवर आणि जुन्या उपकरणांवर बोट ठेवण्यात आले होते. उड्डाणास सज्ज असलेल्या विमानांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी असल्याचे त्यात नमूद होते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर या विमानांची देखभाल एकाहून अधिक देशांवर अवलंबून राहिली, हे त्यामागील एक कारण होय.

दरम्यान वाहतूक ताफ्यात नवी विमाने आली आहेत. २०११ मध्ये सी-१३०जे आणि २०१३ मध्ये सी-१७ ही अमेरिकी विमाने दाखल झाली. २०२३ मध्ये पहिले सी-२९५ विमान वडोदरा येथील ११ व्या स्क्वाड्रनमध्ये आले. एकूण ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० वडोदऱ्यातच तयार व्हायची आहेत. तथापि सी-२९५ हे हलक्या भाराचे विमान आहे, तर सी-१७ विमानांची संख्या अवघी ११ असून त्याचे उत्पादन बंद झाले आहे. मधल्या गटातील, १८ ते ३० टन भार वाहणाऱ्या विमानासाठी हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये उत्पादकांकडून माहिती मागवली.

चुशूल आणि माले या दोन्ही प्रसंगी निर्णय आणि उड्डाण यांच्यामध्ये फार थोडा अवधी होता. तेवढ्या अवधीत उडू शकणारी विमाने आणि सराव असलेले कर्मचारी आधीपासून सज्ज होते, म्हणून ते निर्णय अमलात आले. जुन्या ‘गजराज’ विमानांची जागा कोणती विमाने आणि केव्हा घेतील, या प्रश्नाचे महत्त्व त्यातच आहे.