बसायला एक टेबल

दुर्गाबाई भागवतांची ओळख आमच्या सभासदांना करून द्यावी लागत नाही. त्यांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. त्यामुळे मध्य भारतातल्या मराठी माणसांना त्या जरा अधिकच आपल्या वाटतात. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई यांचे नाव मात्र इंदरगंजातल्या आमच्या बैठकीत निघाले, तेव्हा निम्मी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

कमला भागवत, पुढे सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणाने, नकार दिला. कमलाबाईंनी तो मानला नाही. सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेच्या अटीवर. त्यांचे काम पाहून रामन यांनी मग स्त्रियांना प्रवेश खुला केला. तरीही तो अपमान कमलाबाई उतारवयातही विसरल्या नव्हत्या, आणि त्यांनी तो का विसरावा?

या कथेतला धीटपणा सर्वजण सांगतात. आम्हांला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेत शिकलेले. तिथे कोणते काम चालते, अर्ज कोणाकडे करायचा, नकार आल्यास कोणाला गाठायचे, हे त्या घराला ठाऊक होते. एवढे पाठबळ असताना ही गत; ज्या घरात हे काहीच ठाऊक नव्हते, तिथल्या मुलीने सत्याग्रह करायचा तरी कोणाच्या दारात? ग्वाल्हेरला तर १९६४ साली जिवाजी विद्यापीठ निघेपर्यंत स्वतःचे विद्यापीठही नव्हते.

पुढे केंब्रिजमध्येही जागेचाच प्रश्न आला. डेरेक रिक्टर यांनी प्रयोगशाळेतले आपले टेबल दिवसा त्यांना दिले. त्या टेबलापासून सुरू झालेले काम बटाट्यातील ‘सायटोक्रोम सी’च्या शोधापर्यंत गेले आणि १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. (त्या केंब्रिजमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी १९४८ पर्यंत नव्हती, हेही येथे नोंदवून ठेवू.) रिक्टर यांचा चांगुलपणा मोठाच. पण एका गृहस्थाची मर्जी आड आली आणि दुसऱ्याची कामी आली. नियम दोन्ही ठिकाणी नव्हता.

आज पीएच. डी.नंतर दोन-तीन वर्षांची जी संशोधनाची जागा मिळते, तिला आमच्या भाषेत अजून धड नाव नाही. ‘पदव्युत्तर’ म्हणावे तर ते एम. ए.वाल्यांनी आधीच अडवलेले. विज्ञानातल्या प्राध्यापकीची वाट बहुधा याच जागेवरून जाते, आणि ती पुष्कळदा जाहिरातीपेक्षा मार्गदर्शकाच्या शिफारशीने, परिषदेतल्या ओळखीने भरते. कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना काढली, हे खरोखर चांगले झाले. परंतु घरसंसारामुळे पडलेला खंड तिथे मोजला गेला. ओळखीचा अभाव कोणत्या रकान्यात लिहायचा? जागा उघडपणे जाहीर व्हावी, निवडीचे निकष आधी छापावेत, नकाराचे कारण लेखी द्यावे, एवढे तरी मागता येईल.

बैठक संपल्यावर एका सभासदांची नात थांबली. रसायनशास्त्रात तिचा प्रबंध पुरा होत आला आहे. परगावच्या कोण्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायचे तर मायना काय घालावा, असे तिने विचारले. आमच्यापैकी कोणालाच ते सांगता आले नाही.