चर्चच्या काचेवरील रंग आणि कोरीवकाम

चर्चच्या रंगीत खिडक्यांना आपण सरसकट ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणतो. वस्तुतः ‘स्टेन’, म्हणजे डाग, हा शब्द काटेकोरपणे लागू पडतो तो चांदीपासून मिळणाऱ्या पिवळ्या छटेलाच. निळा व जांभळा रंग काचेवर दिलेले नसतात. काचेचा रस वितळलेला असतानाच त्यात अनुक्रमे कोबाल्ट व मँगनीज यांची संयुगे मिसळतात. तांब्यापासून होणारा लाल मात्र इतका गडद असतो की जाड काचेतून उजेडच येत नाही. म्हणून रंगहीन काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवीत.

हाच थर कोरीवकामाला उपयोगी पडला. तो काढला की खालची रंगहीन काच उघडी पडते आणि लाल भूमीवर शुभ्र आकृती उमटते. मध्ययुगीन कारागीर थर घासून काढीत. एकोणिसाव्या शतकात हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरात आले. जो भाग राखायचा त्यावर मेण किंवा डांबराचा लेप देऊन उरलेला भाग आम्लाने झिजवितात. हे आम्ल अत्यंत घातक आहे. ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम निकामी करते आणि सौम्य आम्लाची वेदना कित्येक तासांनी जाणवते. धर्मग्रामात असे काम कोणी हौसेने करू नये. केवळ धुरकट नक्षी हवी असल्यास दाबाने वाळू मारण्याची पद्धत आहे. तिचे पेटंट अमेरिकेतील टिल्घमन यांनी १८७० साली घेतले.

चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या ही रेखाटने गडद रंगाची असतात. काचेची पूड व लोखंड किंवा तांब्याचे ऑक्साइड कालवून ती काढतात आणि भट्टीत भाजतात. थिओफिलस या धर्मगुरूने बाराव्या शतकाच्या आरंभीच्या आपल्या ग्रंथात ही कृती दिली आहे. चांदीचा डाग त्यात नाही; तो युरोपात १३०० च्या सुमारास आला. चांदीचे संयुग बहुधा काचेच्या मागील बाजूस लावून भाजले की पिवळी छटा काचेतच मुरते. त्यामुळे संताचा चेहरा आणि सोनेरी प्रभावलय एकाच तुकड्यावर, मध्ये शिशाची पट्टी न घालता, साधता आले. माझ्या मते या कलेतील हा सर्वांत सुंदर शोध होय.

जुन्या खिडक्या स्वच्छ करताना हा भेद ध्यानी ठेवावा. काचेच्या अंगचा रंग सहसा जात नाही; वरचे रेखाटन मात्र, विशेषतः नीट भाजलेले नसल्यास, ओल्या फडक्यानेही निघून येते आणि संताचा चेहरा कोरा होतो. आम्ल, तारेचा ब्रश, घासण्याची पावडर सर्वथा वर्ज्य. प्रथम प्रत्येक खिडकीची छायाचित्रे घ्यावीत. रेखाटन सुटू लागलेले दिसल्यास हात न लावता जाणकार संवर्धकास बोलवावे.