दर्दी कोण आणि बेदर्दी कोण?

अमक्याचें ऐकणें खरें आणि तमक्याचें ऐकणें नुसती करमणूक, असा निवाडा करणारी मंडळी प्रत्येक काळीं आढळते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९७० सालीं निघाली. त्या वळणाच्या 'हेवी मेटल' संगीताच्या चाहत्यांतहि पुढें अस्सल कोण व तोतया कोण याची चौकशी सुरू झाली. ठाणें-कल्याणच्या गायनप्रेमी मंडळींना हा तंटा नवा वाटूं नये. ख्याल, नाट्यपद आणि पेटी यांवरून तो आपल्याकडे पूर्वींच होऊन गेला आहे.

आगगाडी ठाण्यास १८५३ सालीं व कल्याणास १८५४ सालीं पोंचली. पुढें मुंबईंत चाकरी आणि या गांवांत बिऱ्हाड अशी नवी वस्ती वाढली. संस्थानिकांच्या दरबारीं गाणें ऐकण्याचा योग या मध्यम स्थितींतील लोकांस कोठून येणार? त्यांचा आधार म्हणजे गायन समाजासारख्या संस्था. कल्याण गायन समाज १९२६ सालचा. त्याचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

घराण्याची विद्या घराबाहेर जाऊं नये असें मानण्याच्या त्या काळांत बुवांनीं फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तिघांपाशीं तालीम घेतली. नाटकांतलें गाणें हलकें, हा समजहि त्यांनीं जुमानला नाहीं. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकास त्यांनींच चाली दिल्या. ज्यांनीं मैफलीचा उंबरठा कधीं ओलांडला नव्हता, त्यांच्या कानीं बालगंधर्वांच्या मुखानें यमन, बिहाग आणि भीमपलास पडले.

पेटीची कथा अधिक बोधप्रद आहे. पेटीचे स्वर ठरीव असल्यामुळें तीवर मींड निघत नाहीं व सूक्ष्म श्रुती साधत नाहींत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा आहे. परंतु त्या आधारें १९४० सालीं आकाशवाणीवर पेटीस मज्जाव झाला. ज्या गोविंदराव टेंब्यांची साथ खुद्द भास्करबुवांस चालत असे, त्यांचें वाद्य सरकारी माइकपुढें मात्र चालेना! ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. १९५२ सालीं चित्रपटगीतांवरहि असाच रोष झाला. परिणाम एवढाच कीं, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ सालीं विविध भारती सुरू करावी लागली.

यावरून स्वरांची पारख सोडून द्यावी असें कोणी समजूं नये. बेसूर तें बेसूरच. परंतु गाण्याची पारख करतां करतां ऐकणाराची जात लावणें ही निराळी गोष्ट आहे, आणि पहिलीच्या आडून दुसरी केव्हां शिरते तें कळत नाहीं. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव व त्यांचे शिष्य राम मराठे. रामभाऊंनीं ख्याल गाइला आणि १९६३ सालीं 'मंदारमाला' नाटकहि गाजविलें. ते ठाण्यास राहिले. त्यांच्या नांवें ठाणें महापालिका संगीत समारोह भरवीत आली आहे. तेथें नाट्यपद ऐकावयास आलेला मनुष्य उद्यां ख्यालास बसेल, अशी आशा बाळगावयास हरकत नाहीं. मात्र पहिल्याच दिवशीं त्याला परीक्षेस बसविलें, तर तो दुसऱ्या दिवशीं येणार नाहीं, आणि रिकाम्या सभागृहांत मोठा जाणकारहि गवयास फार काळ पोसूं शकत नाहीं.